पॅकराफ्ट की हवेची कयाक?

नांदेडचा एक मित्र अडकलाय: गोदावरीकाठाने चालायचं, मधेच पाण्यात उतरायचं, पुन्हा चालायचं. त्यासाठी पॅकराफ्ट (पाठीवर नेता येणारी, हवा भरायची छोटी नाव) घ्यावी की हवा भरायची साधी पीव्हीसी कयाक (लांबट, वल्ह्याची प्लास्टिकची नाव)?

वजनावरच अर्धा निकाल लागतो. पॅकराफ्ट २ ते ४ किलोची. घडी करून तंबूसोबत पाठीवरच्या पिशवीत बसते. कयाक १० किलोच्या पुढे, वर पंप वेगळा. ती घेऊन कोसभर चालून दाखवा! पॅकराफ्टला पंपही लागत नाही. कापडी पिशवीत हवा कोंडायची, तोंड पिळायचं आणि नावेत ढकलायची. शेवटी तोंडाने फुंकून ताठ करायची.

पैशात मात्र कयाक जिंकते. चांगली पॅकराफ्ट बाहेरून मागवावी लागते, वर सीमाशुल्क.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर आपल्याकडे खरा शत्रू खडक नाही, वेडी बाभूळ. काठावर नाव पसरण्याआधी जमीन हाताने चाचपा. काटा दोघींनाही सोडत नाही. पॅकराफ्टचं टीपीयू (लवचीक प्लास्टिक) लावलेलं नायलॉन पातळ असलं तरी चिवट, आणि ठिगळ पटकन बसतं.

जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर दुपारी वारा सुटला की हलकी, आखूड पॅकराफ्ट पानासारखी भरकटते. लांब कयाक सरळ जाते. (तिथे पक्षी अभयारण्य आहे, आधी वनखात्याला विचारा.)

चालणं जास्त, पाणी थोडं असेल तर पॅकराफ्ट. गाडी थेट काठापर्यंत जात असेल आणि घरच्यांना फिरवायचं असेल तर कयाकच घ्या. लाइफ जॅकेटचे पैसे दोन्हीकडे आधी बाजूला काढा.