बुर्ज खलिफा: 124 वा मजला, 148 वा मजला, की दुबई फ्रेम?

दुबईचं विमान ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बुर्ज खलिफावर जायचं का, आणि जायचं तर कितव्या मजल्यावर? प्रश्न रास्त आहे. चौघांच्या कुटुंबाला तास-दीड तासाच्या या कार्यक्रमाचे पंधरा हजार रुपये सहज पडतात, आणि तेवढ्या पैशांत त्या शहरात बरंच काही बघून होतं. माझं मत आधीच सांगून टाकते. मजल्याचा आकडा बघून तिकीट काढू नका. आधी काय बघायचंय ते ठरवा, मग कोणत्या वेळी जायचं ते, आणि मजल्याचा विचार सगळ्यात शेवटी करा.

कारण आकड्यांतच मोठी गफलत आहे. बुर्ज खलिफा 828 मीटर उंच आहे, म्हणून आपण जगातल्या सगळ्यात उंच इमारतीच्या माथ्यावर जाणार असं वाटतं. 124 व्या मजल्याची गच्ची आहे 452 मीटरवर, म्हणजे निम्म्याहून थोडी वर. 148 वा मजला 555 मीटरवर. सगळ्यात वरच्या 244 मीटरमध्ये तर कुणी राहतही नाही, तो नुसता निमुळता होत गेलेला कळस आहे. यात फसवणूक काही नाही, सगळी माहिती उघड आहे. पण 'माथ्यावर' जाण्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला निघाला असाल, तर माथा विकायला नाहीच हे माहीत असलेलं बरं.

आता 124 आणि 148 यांच्यातला फरक बघू. पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब केला तर 452 मीटरवरून क्षितिज सुमारे 76 किलोमीटरवर येतं आणि 555 मीटरवरून सुमारे 84 किलोमीटरवर. शंभर मीटर आणखी वर गेल्यावर हाती लागतात जेमतेम आठ किलोमीटर, आणि तेही कागदावर. दुबईच्या हवेत एवढं लांबचं दिसण्याचे दिवस मोजकेच. मे ते सप्टेंबर समुद्राचा दमटपणा आणि वाळवंटाची धूळ एकत्र येऊन शहरावर फिकट, दुधाळ पडदा धरतात. अशा दुपारी कुठल्याही मजल्यावर जा, लांबचं सगळं त्या पडद्यातच विरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा पुष्कळ स्वच्छ असते. फक्त या महिन्यांत पहाटे कधी कधी दाट धुकं येतं, तेव्हा अगदी सकाळची पहिली वेळ न घेता धुकं विरल्यानंतरची घ्यावी. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिकीट मिळालं तर सोनंच.

म्हणून हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी 124 व्या मजल्यावर जाणं हे उन्हाळ्यातल्या दुपारी 148 व्या मजल्यावर जाण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आणि स्वस्तही. 124-125 चं तिकीट गर्दीची वेळ सोडून साधारण पावणेदोनशे-दोनशे दिरहमला मिळतं, सूर्यास्ताच्या आसपास ते बरंच वाढतं, आणि 148 साठी चारशे किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. एक दिरहम सध्या चोवीस रुपयांच्या आसपास धरा. दिरहम डॉलरशी बांधलेला असल्यामुळे रुपया घसरला की हा खर्च आपोआप चढतो. दर बदलत असतात, तेव्हा काढण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या.

मग 148 वा मजला कुणासाठी? जास्तीच्या पैशांत तुम्ही खरेदी करता ती सोय, दृश्य नव्हे. माणसं कमी असतात, बसायला जागा असते, चहापाणी होतं, वेगळ्या रांगेतून नेतात, आणि नंतर 125 आणि 124 बघायला मोकळं सोडतात. बरोबर गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर हे पैसे मला अजिबात वाया वाटत नाहीत. खालच्या मजल्यांसाठी वर जाताना रांग असते हे सगळे गृहीत धरतात, पण गर्दीच्या संध्याकाळी खाली येतानाही लिफ्टसाठी ताटकळत उभं राहावं लागतं. लिफ्ट स्वतः मिनिटाभरात वर नेते, सेकंदाला दहा मीटर वेगाने. वेळ खातात त्या रांगा. तरुण जोडपी, मित्रमंडळी, दहा-बारा वर्षांची मुलं असलेली घरं, यांना 124 पुरेसा आहे. तिथे उघडी गच्ची आहे, वारा लागतो, आणि काचांमधल्या फटींतून फोटोही बरे येतात.

वर गेल्यावर दिसतं काय, हे नीट सांगायला हवं, कारण अपेक्षा चुकते ती इथे. राजगड-सिंहगड चढलेल्या माणसाला केवळ उंचीचं अप्रूप फार वेळ टिकत नाही. गडावरून डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात, नजरेला टप्पे मिळतात. दुबई सपाट आहे. एका बाजूला समुद्र, एका बाजूला वाळवंट, आणि मधोमध शेख झायेद रस्ता. लांब बघाल तर थोड्या वेळात बघून संपतं. सरळ खाली बघा. जमिनीवरून मान मोडेपर्यंत वर बघावे लागणारे पन्नास-साठ मजली टॉवर इथून ठोकळ्यांसारखे दिसतात, रस्त्यांची वळणं नकाशात काढल्यासारखी उलगडतात, आणि वाळवंटात एवढं सगळं उभं राहिलं आहे हे डोळ्यांना पटतं. हिवाळ्यातल्या सकाळी या इमारतीची स्वतःची सावली वायव्येला, समुद्राच्या दिशेने पडते. सूर्य खाली असेल तर ती दोन किलोमीटरहून लांब, जुमैराच्या घरांवरून गेलेली दिसते. सूर्यास्तासाठी दीडपट पैसे मोजण्यापेक्षा मला ही सावली जास्त मोलाची वाटते.

सूर्यास्ताचं आकर्षण मात्र समजण्यासारखं आहे. या इमारतीत सूर्य खरोखरच उशिरा मावळतो. 2011 च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की, 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं आणि 150 च्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा सोडावा. दिवस मावळून खालचे दिवे लागताना बघणं सुंदर असतं, यात वाद नाही. पण त्या वेळी कठड्याशी जागा मिळवण्यात बराच वेळ जातो, आणि अंधार पडल्यावर आतल्या उजेडाचं प्रतिबिंब काचेवर येतं.

आणखी एक. बुर्ज खलिफावरून बुर्ज खलिफा दिसत नाही. दुबईचं चित्र म्हणून मनात जे असतं त्यातली मुख्य इमारतच तिथून गायब असते. तिचं रूप बघायचं असेल तर खाली तळ्याकाठी उभं राहावं, आणि त्याला एक पैसा लागत नाही. वाय अक्षरासारखा तिचा तळ, तीन बाजूंनी एकमेकांना टेकू देणारे पंख, आणि वर जाता जाता एकेक पायरी मागे सरकणारे मजले, हे सारं वाऱ्याचा जोर मोडण्यासाठी रचलेलं आहे, आणि ते खालूनच कळतं. संध्याकाळी याच तळ्यातली कारंजी संगीतावर नाचतात. 124 व्या मजल्यावरून ती बोटभर दिसतात आणि संगीत ऐकूच येत नाही. 2025 मध्ये ही कारंजी दुरुस्तीसाठी काही महिने बंद होती, म्हणून त्या दिवशीच्या वेळा आधी बघून जा.

आता दुबई फ्रेम. झबील पार्कमधली, दोन मनोरे आणि त्यांना वर जोडणारा पूल अशी ही चौकट 2018 च्या पहिल्या दिवशी उघडली. उंची 150 मीटर, तिकीट साधारण पन्नास दिरहम, म्हणजे 124 व्या मजल्याच्या तिकिटाच्या पाव ते एक तृतीयांश. उंची एवढीशी म्हणून लोक तिला खालच्या पंगतीत बसवतात, ते मला मान्य नाही. शहर समजून घ्यायला 150 मीटर ही फार चांगली उंची आहे. गाड्या गाड्यांसारख्या दिसतात, घरांच्या गच्च्या, माणसं, झाडं ओळखू येतात. वरच्या पुलाच्या एका बाजूला करामा आणि खाडीकडचं जुनं दुबई, जिथे आपल्या कितीतरी लोकांनी नोकरीची पहिली वर्षं काढली. दुसऱ्या बाजूला शेख झायेद रस्त्यावरचे टॉवर, आणि त्यांच्यात बुर्ज खलिफा अगदी समोर. जमिनीत काचेची पट्टी आहे, मुलांना तिचं भारी वेड. हवा खराब असली तरी इथलं दृश्य बरंच टिकतं, कारण जे बघायचं ते जवळ आहे. घरातले कुणी करामात किंवा बर दुबईत राहिले असतील, तर त्यांना घेऊन आधी इथे या. कुठली गल्ली कुठे ते दाखवण्यात त्यांचा तास जाईल.

पाम जुमैरा या ताडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटावरचा 'द व्ह्यू' हा शहर बघण्याचा मजला 2021 पासून सुरू आहे, 52 व्या मजल्यावर, 240 मीटरवर. तिकीट बुर्जपेक्षा कमी, फ्रेमपेक्षा जास्त. तिथे जाण्याचं कारण एकच आहे, पण ते पक्कं आहे: ते बेट जमिनीवरून कळतच नाही. रस्त्यावर दिसतात फक्त इमारती आणि कुंपणाच्या भिंती. समुद्रातली वाळू उपसून आणि फवारून रचलेलं ते ताडाचं झाड वरूनच दिसतं. त्यासाठी वाळवंटाची वाळू चालली नसती, तिचे कण फार बारीक आणि गोल. पुढे अटलांटिस हॉटेलला किंवा दुबई मरीनाला जाणारच असाल तर वाटेत करावं. एरवी मुद्दाम जायला लांब पडतं.

सहलीच्या पॅकेजमधून जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून मागाव्यात. मजला कोणता, वेळ गर्दीची की बिनगर्दीची, आणि ती वेळ नक्की किती वाजता. पत्रकात नुसतं 'बुर्ज खलिफा दर्शन' लिहिलेलं असेल तर ते वर नेणं आहे की बाहेरून दाखवणं, हेही विचारा. स्वतः जाणाऱ्यांनी तिकीट आधी ऑनलाइन काढावं, आणि दुबई मॉलच्या मेट्रो स्टेशनपासून आतल्या प्रवेशद्वारापर्यंत चालायला भरपूर वेळ ठेवावा. वातानुकूलित पूल आहे, पण तो लांबलचक आहे आणि त्यापुढे मॉलही ओलांडायचा असतो.

पहिल्यांदा जात असाल आणि हिवाळा असेल, तर सकाळी 124 वा मजला आणि संध्याकाळी खाली कारंजी. पैसे बेताचे असतील किंवा उन्हाळ्याची सुट्टी असेल, तर बुर्ज खालूनच बघा आणि फ्रेमवर जा, काही राहून गेलं असं वाटणार नाही. आधी एकदा 124 वर जाऊन आलेल्यांनी 148 साठी पुन्हा खर्च करू नये. त्यांनी पामवरून समुद्र बघावा.