गोल्फ कोर्सच्या रचनेची जाण तपासणारे अ‍ॅप: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गोल्फ कोर्सच्या रचनेचे ज्ञान तपासणारे एक अ‍ॅप मी गेले अनेक महिने नियमितपणे वापरत आहे. या विषयावरच्या बहुतेक चाचण्या जेथे थांबतात तेथून ते पुढे जाते, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. एखादे मैदान कोणी आखले आणि कोणत्या वर्षी आखले, एवढे पाठ असणाऱ्याला रचना कळतेच असे नाही. बंकर, म्हणजे वाळूचा अडथळा, नेमका त्याच जागी का आहे, तो कोणत्या खेळाडूला अडवतो आणि कोणाला वाट दाखवतो, ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, उतार कोणत्या बाजूने आलेल्या चेंडूला झेलतो आणि कोणत्या बाजूने आलेल्याला खाली घसरवतो, हे ज्याला आराखडा पाहून सांगता येते त्याला ती कळते, असे माझे ठाम मत आहे. हे अ‍ॅप जेथे असे प्रश्न विचारते तेथे उत्कृष्ट आहे आणि जेथे केवळ नावे विचारते तेथे सामान्य आहे.

अ‍ॅपचे चार विभाग आहेत. पहिल्यात रचनाकार, मैदाने आणि वर्षे येतात; दुसऱ्यात छायाचित्रावरून होल, म्हणजे टी या आरंभाच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचा खेळाचा एक टप्पा, ओळखायचा असतो; तिसऱ्यात नाव झाकलेला आराखडा दिलेला असतो आणि त्यावर समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या रेषा), वाऱ्याची दिशा व भोक दाखवणाऱ्या झेंड्याची जागा दाखवून चेंडू कोठे टाकाल असे विचारले जाते; चौथा विभाग माती, निचरा आणि गवत यांचा आहे. या चारांपैकी तिसऱ्या विभागासाठी हे अ‍ॅप जवळ ठेवावे.

त्या विभागातील ‘रेडन’चा प्रश्न मी अजूनही अधूनमधून उघडतो. स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्सवरचा १५वा होल हा मूळ रेडन. क्रिमियन युद्धातील तटबंदीवरून त्याला नाव पडले. साधारण १९० यार्डांचा हा पार ३, म्हणजे तीन फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेला, होल आहे. त्याचे ग्रीन समोरच्या उजव्या कोपऱ्याकडून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरके पसरलेले आहे, ते खेळाडूपासून दूर उतरत जाते आणि त्याच्या डाव्या अंगाला खोल बंकर आहे. अ‍ॅप यातले काहीही सांगत नाही. फक्त समोच्चरेषा दाखवते आणि झेंडा मागे डावीकडे ठेवून चेंडू कोठे पडावा असे विचारते. झेंड्याच्या रोखाने सरळ मारणाऱ्याचे गुण जातात. ग्रीनच्या समोरच्या उजव्या खांद्यावर चेंडू टाकून पुढचे काम उतारावर सोपवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. खरी कसोटी त्यानंतरच्या प्रश्नात आहे, कारण तोच आराखडा पुन्हा येतो, मात्र या वेळी जमीन पावसाने मऊ झालेली असते. मऊ जमिनीवर चेंडू पडतो तेथेच रुततो आणि उताराला काही करायला वावच उरत नाही, त्यामुळे उत्तर बदलते. रेडन ही कल्पना कठीण, कोरड्या, चेंडू पळू देणाऱ्या जमिनीवर उभी आहे, ही गोष्ट अनेक अनुभवी खेळाडूंनाही स्पष्ट नसते आणि अ‍ॅप ती या दोन प्रश्नांमधून मनावर ठसवते. अमेरिकी रचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील नामांकित होलांचा अभ्यास केला आणि लाँग आयलंडवरील नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका येथे ४था होल रेडनच्या धर्तीवर बांधला. त्यांनी होलाचे बाह्य रूप उतरवून घेण्यापेक्षा त्यामागचे तत्त्व नव्या जमिनीवर नेले, हे या प्रश्नानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच विभागात खेळाडूचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला लांब फटका, किती लांब जातो हे आधी ठरवता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. १६० यार्ड मारणाऱ्याला आणि २८० यार्ड मारणाऱ्याला एकाच बंकरविषयी प्रश्न विचारला, तर दोघांची बरोबर उत्तरे वेगळी असतात, आणि चांगल्या रचनेत ती वेगळी असायलाच हवीत. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील १७वा, म्हणजे ‘रोड होल’, हे याचे उत्तम उदाहरण आहे. पार ४ असूनही तो ४९५ यार्डांचा आहे. उजवीकडे हद्द आहे, ग्रीनच्या डाव्या अंगाला कुप्रसिद्ध बंकर आहे आणि ग्रीनच्या मागे रस्ता व त्यापलीकडे भिंत आहे. उजव्या हद्दीला जितके खेटून जावे तितका दुसऱ्या फटक्याला कोन चांगला मिळतो. डावीकडे सुरक्षित राहिले की तोच बंकर वाटेत येतो. लांब मारणाऱ्याला येथे टीवरच निर्णय घ्यावा लागतो. कमी अंतराच्या खेळाडूपुढे वेगळाच प्रश्न असतो, कारण दोन फटक्यांत ग्रीन गाठता येणार नसेल तर तिसरा फटका कोठून खेळणे सोपे जाईल हे पाहून दुसरा कोठे थांबवायचा ते ठरवावे लागते. अ‍ॅप दोन्ही प्रश्न सारख्याच गांभीर्याने विचारते. रचनाकार पीट डाय यांच्या पत्नी आणि स्वतः उत्तम खेळाडू व रचनाकार असलेल्या अ‍ॅलिस डाय यांनी स्त्रियांसाठी योग्य अंतरावरच्या पुढील टींचा आग्रह धरला होता, त्यामागची दृष्टी हीच होती. चाचणी तयार करणाऱ्यांना ती उमगली आहे, याचे मला समाधान वाटते.

लॉस एंजेलिसजवळील रिव्हिएराचा १०वा होलही येथे आहे. जॉर्ज थॉमस यांनी आखलेले हे मैदान १९२७ मध्ये खुले झाले. हा होल जेमतेम ३१५ यार्डांचा असल्याने आजचा लांब मारणारा खेळाडू एका फटक्यात ग्रीनपर्यंत पोहोचू शकतो. ग्रीन मात्र अरुंद आणि तिरके आहे. डावीकडून आलेल्या फटक्याला त्याची लांबी मिळते, तर उजवीकडून आलेल्याला फक्त रुंदी मिळते आणि ती फारच अपुरी आहे. त्यामुळे ग्रीनच्या जवळ पण उजवीकडे असलेला चेंडू दूर पण डावीकडे असलेल्या चेंडूपेक्षा वाईट स्थितीत असतो. अ‍ॅप चार जागा दाखवून त्यांचा चढता क्रम लावायला सांगते, आणि अंतरावरून क्रम लावणारा हमखास चुकतो.

ओल्ड कोर्सविषयीच्या प्रश्नांत अ‍ॅपचे दोन्ही चेहरे शेजारीशेजारी दिसतात. पहिला विभाग विचारतो की तेथे जोडग्रीन, म्हणजे दोन होलांसाठी सामाईक ग्रीन, किती आहेत आणि एका ग्रीनवरच्या दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज किती होते. उत्तरे अनुक्रमे सात आणि १८. माहिती रंजक आहे, पण तेवढीच. तिसरा विभाग मात्र तोच नकाशा दाखवून विचारतो की फेअरवेवरचे, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या आखूड गवताच्या पट्ट्यावरचे, काही बंकर आजच्या खेळाच्या दिशेने पाहता निरर्थक जागी का वाटतात. एकेकाळी हे मैदान आजच्या उलट दिशेनेही खेळले जात असे, आणि त्या दिशेने पाहिले की तेच बंकर बरोबर मोक्याच्या ठिकाणी येतात. जाण्याची आणि येण्याची वाट एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून होती, खेळणारे वाढले तसे ग्रीन रुंद करून त्यावर दोन होल करण्यात आले, आणि जोडग्रीन त्यातून आले. बेरीज पाठ असलेल्याला हा इतिहास माहीत असेलच असे नाही, परंतु इतिहास समजलेल्याला ती बेरीज लक्षात ठेवण्याचे कष्ट पडत नाहीत.

बांधकामातील अडचण रचनेला कसे वळण देते, यावरचे प्रश्न संख्येने थोडे असले तरी सरस आहेत. फ्लॉरिडातील टीपीसी सॉग्रास १९८० मध्ये खुले झाले. त्याच्या १७व्या होलावरील बेटासारखे ग्रीन जगभर ओळखले जाते, आणि ते केवळ धाक दाखवण्यासाठी आखले असावे असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती जमीन दलदलीची होती, मैदानाच्या इतर भागांसाठी चांगली वाळू त्याच परिसरात मिळाली, ती उपसता उपसता मोठा खड्डा झाला, आणि तेथे पाणी भरून ग्रीनचे बेट करावे ही सूचना अ‍ॅलिस डाय यांची होती. अ‍ॅपने येथे ‘हे पाणी या जागी का आहे?’ एवढेच विचारले आहे. इतका साधा प्रश्न इतके काही शिकवून जातो, तेव्हा तो रचणाऱ्याचे मनापासून कौतुक वाटते.

आता पहिल्या विभागाविषयी. त्यातील माहिती मी पडताळून पाहिली असता सर्वसाधारणपणे अचूक आढळली. माझा आक्षेप प्रश्नांच्या घडणीवर आहे. प्रत्येक मैदानाला एकच रचनाकार असतो, असे हा विभाग गृहीत धरतो. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलसमोर ब्रिटिश रचनाकार अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांचे नाव निवडले की गुण मिळतात, तेथे त्यांचे सहरचनाकार, विख्यात खेळाडू बॉबी जोन्स यांचा वाटा कोठेच येत नाही. शिवाय १०व्या होलाचे ग्रीन १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल यांनी मागे नेले आणि १६वा होल १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांच्या आखणीने पूर्णपणे बदलला, ही गोष्ट तर अनुल्लेखितच राहते. रॉयल मेलबर्नच्या वेस्ट कोर्सचेही तसेच आहे. मॅकेन्झी १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात आले आणि आराखडा देऊन परतले. जमिनीवर ते मैदान अ‍ॅलेक्स रसेल आणि मिक मॉरकॉम यांनी उभे केले आणि ते १९३१ मध्ये पूर्ण झाले. बंकरच्या कडा आणि ग्रीनचे चढउतार ज्यांच्या देखरेखीखाली घडले त्यांची नावे उत्तरांच्या पर्यायांतही नसावीत, हे मला खटकते. अमेरिकेतील पाइनहर्स्ट क्रमांक २ वर रचनाकार डोनाल्ड रॉस १९०७ पासून १९४८ मध्ये मृत्यू होईपर्यंत काम करत राहिले. पुढे २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी तेथील दाट रफ, म्हणजे फेअरवेच्या कडेचे लांब गवत, काढून वाळू आणि मूळचे रानगवत परत आणले. अशा मैदानाबाबत ‘रचनाकार कोण?’ असे न विचारता ‘आज दिसणाऱ्या या मैदानात कोणाचे काय आहे?’ असे विचारले, तरच अभ्यासकाची परीक्षा होईल.

होलांचे शिक्षा देणारे, डावपेचांचे आणि साहसाचे असे तीन वर्ग करण्याची जुनी पद्धत अ‍ॅपने स्वीकारली आहे. आरंभी समजून घेण्यासाठी ती ठीक आहे. पण अमेरिकेतील पाइन व्हॅलीसारखे मैदान केवळ शिक्षेच्या रकान्यात टाकले की त्याचे फेअरवे किती रुंद आहेत आणि त्या रुंदीत किती निवड दडलेली आहे हे नजरेआड होते.

छायाचित्रांचा विभाग मी फारसा उघडत नाही. चित्रे सुंदर आहेत, परंतु उंचावरून टिपलेल्या चित्रात उतार सपाट होतात आणि उरते ते समुद्र, वाळू व झाडांची सावली ओळखण्याचे काम.

याउलट चौथा विभाग आकाराने लहान असूनही वजनदार आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, १९६० मध्ये ग्रीन बांधण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली तिच्यात साधारण ३०० मिलिमीटरचा वाळूप्रधान थर आणि त्याखाली १०० मिलिमीटरचा खडीचा थर येतो. खडीवर बारीक वाळू असली की वरच्या थरात थोडे पाणी मुळांसाठी टिकून राहते आणि जास्तीचे पाणी झपाट्याने निघून जाते. त्यामागचे भौतिक कारण अ‍ॅपने आकृतीसह विचारले आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न ग्रीनच्या वेगाचा, म्हणजे त्यावर चेंडू किती दूर घरंगळतो याचा, आहे. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये वेग मोजण्याचे साधे साधन तयार केले, आणि १९७०च्या दशकात यूएसजीएने ते सुधारून वापरात आणले. जुनी ग्रीन गवत आजच्यापेक्षा लांब आणि खेळ संथ असताना आखली गेली, म्हणून त्यांवरचे उतार धीट आहेत. तेच गवत आज अगदी बारीक कापले की साधारण तीन टक्क्यांहून अधिक उतारावर झेंड्याला योग्य जागाच उरत नाही. मग क्लबांपुढे दोनच वाटा राहतात: वेग कमी ठेवणे किंवा जुना उतार खणून सपाट करणे. अ‍ॅप एका ग्रीनची समोच्चरेषा आणि वेग देऊन झेंड्यासाठी किती जागा उरते हे ओळखायला सांगते. माझ्या मते संपूर्ण चाचणीतला हा सर्वांत जबाबदार प्रश्न आहे, कारण वेगाच्या हव्यासापायी सुंदर जुनी ग्रीन नाहीशी झाली आहेत आणि सामान्य सभासदाला हे गणित कळल्याखेरीज ते थांबणार नाही. या विभागात प्रश्नांची भर पडायला हवी. विशेषतः पृष्ठभागावरून पाणी कोठे वाहते यावर जवळपास काहीच नाही, आणि मैदानाची आखणी करताना मुळात पाण्याचाच विचार आधी करावा लागतो.

प्रश्नांच्या पुनरावृत्तीची पद्धत चांगली आहे. चुकलेला प्रश्न काही दिवसांनी परत येतो तेव्हा झेंडा हललेला असतो किंवा वारा फिरलेला असतो, त्यामुळे उत्तर घोकून चालत नाही. स्पष्टीकरणे तिसऱ्या आणि चौथ्या विभागांत भरघोस आहेत, तर पहिल्यात एका ओळीत आटोपलेली आहेत. कालमर्यादा बंद करता येते, आणि ती बंदच ठेवावी, कारण आराखडा वाचायला वेळ लागतो.

मला एका गोष्टीची उणीव तीव्रतेने जाणवते: वापरणाऱ्याला स्वतः काही आखण्याची संधी येथे नाही. १९१४ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकाने पार ४ होलाच्या आराखड्याची स्पर्धा घेतली, ती मॅकेन्झी यांनी जिंकली, आणि मॅक्डॉनल्ड यांनी तो होल काही फेरफारांसह लाँग आयलंडवरील लिडो या मैदानाचा १८वा म्हणून बांधला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मैदान नष्ट झाले आणि २०२३ मध्ये रचनाकार टॉम डोक यांच्या देखरेखीखाली विस्कॉन्सिनमध्ये त्याची प्रतिकृती खुली झाली. अ‍ॅप या साऱ्यातून फक्त विजेत्याचे नाव विचारते. त्या आराखड्यात टीपासून ग्रीनपर्यंत वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंसाठी वेगवेगळे मार्ग दाखवलेले होते. एक कोरा भूभाग देऊन तसे मार्ग आखायला सांगितले आणि प्रत्येक मार्गाचा धोका व लाभ तपासून गुण दिले, तर या चाचणीला तोड राहणार नाही.

नव्याने वापरणाऱ्यांनी सरळ तिसऱ्या विभागापासून आरंभ करावा, ड्राइव्हचे अंतर प्रामाणिकपणे भरावे, आणि प्रत्येक आराखडा एकदा लांब व एकदा कमी अंतराचा खेळाडू म्हणून सोडवावा. नावे आणि वर्षे त्यानंतर पाहिली तरी चालतील.