व्हीपीएन लॅपटॉपवर की राउटरवर?

व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा सांकेतिक करून जणू बोगद्यातून नेणारी सेवा) सुरू केला की घरच्या नॅसवरचे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवरचे, फोल्डर गायब होतात, म्हणून तो थेट राउटरवरच टाकावा का, असं एका मित्राने विचारलं.

आधी लॅपटॉपचं बघू. बरीच व्हीपीएन अ‍ॅप्स स्थानिक नेटवर्कही अडवतात. सेटिंगमध्ये ‘लोकल नेटवर्क’ला परवानगी दिली की बहुतेक वेळा काम होतं. तरीही नॅस नावाने सापडत नसेल, तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक, सहसा १९२.१६८ने सुरू होणारा) टाकून बघा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. खर्च शून्य, मेहनत दोन मिनिटांची. फक्त बाहेरच्या वायफायवर ती परवानगी आठवणीने बंद करायची, आणि नेमकं तेच विसरतं.

राउटरवर व्हीपीएन असेल तर घरातल्या फाइली बोगद्यात शिरतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. पण राउटरला ती सोय हवी, आणि एन्क्रिप्शनचं, म्हणजे माहिती सांकेतिक करण्याचं, ओझं त्याच्या चिमुकल्या प्रोसेसरवर पडून इंटरनेट मंदावू शकतं. शिवाय घराबाहेर पडलात की संरक्षण संपलं.

एकदोन लॅपटॉप असतील, तेही बाहेर फिरणारे, तर अ‍ॅपच बरं. टीव्हीसकट सगळं घर व्हीपीएनमागे हवं असेल आणि राउटर दमदार असेल, तरच दुसरा मार्ग.