कारखाना दारात, पण टाकीत काय? टर्बो गाडी इथेनॉलवर घालण्याआधी

कोल्हापुरात टर्बो गाडी बाळगणाऱ्याला इथेनॉलचा मोह जरा जास्तच होतो. हंगामात बिद्रीला जा, कुडित्र्याला जा, हुपरीला जा, नाहीतर गावातल्या गावात कसबा बावड्यात राजाराम कारखान्याकडं वळा. उसाच्या ट्रॉलीमागं रखडत असताना नाकात मळीचा वास येतो आणि मनात एकच विचार: एवढं इथेनॉल दारात तयार होतंय, मग आपल्या टाकीत का नको?

ताराबाई पार्कातला एक पोरगा असाच आला होता. २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, दोन लिटर टर्बो, कंपनीची २३० पीएस (साधारण तेवढीच हॉर्सपॉवर). "दादा, इथेनॉलवर घातली तर तीनशेच्या वर जाती म्हणं. मामा कारखान्यात हाय, कॅन भरून देतो म्हणालाय. घालू का?" त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. माझ्याकडं १.८ टर्बोची साधी ऑक्टाव्हिया आहे. तिच्यावर मी काही उद्योग करून, थोडे हात भाजून घेतलेत.

आधी मामाच्या कॅनचं बघू. कारखान्यातलं इथेनॉल राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखाली असतं. टँकर भरतो, सील होतो आणि तेल कंपन्यांच्या डेपोत जातो. परवान्याशिवाय कॅन बाहेर काढणं म्हणजे मामाची नोकरी आणि तुमची गाडी दोन्ही पणाला लावणं. शिवाय कॅनमध्ये नक्की काय आलंय हेही कळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल पाणी काढून कोरडं केलेलं असतं, तर रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. दोन्ही दिसायला सारखीच, पाण्यासारखी पांढरी.

मग उरतो पेट्रोल पंप. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलनं महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' सुरू केलं. नाव शंभर असलं तरी त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल असतं, बाकी पेट्रोल आणि दोघांना एकजीव ठेवणारं द्रव्य. ते फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. आपली गाडी कागदोपत्री त्यात बसत नाही, हे लक्षात ठेवून पुढं वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल काय म्हणतं ते, आणि विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं, ही दोन्ही नवे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे नोझल) मागवायच्या आधी वाचायची, नंतर नाही.

टर्बोला इथेनॉल का मानवतं

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. हा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवला की सिलिंडरमधली हवा तापते आणि गाडी नॉक मारते, म्हणजे इंधन भलत्या वेळी आपोआप पेटून इंजिन ठोकतं. नॉक आला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि कमावलेली ताकद तिथंच जाते. इथेनॉल इथं दोन बाजूंनी मदत करतं. एक म्हणजे त्याचा ऑक्टेन (नॉक रोखण्याची क्षमता) १०८ च्या घरात आहे. दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. इथेनॉलची वाफ होताना ते भरपूर उष्णता ओढून घेतं, किलोमागं पेट्रोलच्या सुमारे अडीचपट. त्यात तेवढ्याच हवेसाठी इथेनॉल जास्त लागतं, कारण पेट्रोलला एक भागास १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९. दोन्हींचा गुणाकार केला तर सिलिंडरमधला थंडावा जवळजवळ चौपट होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात, तापलेल्या इंटरकूलरसह (टर्बोची हवा गार करणारी जाळी) करूळ घाट चढताना, हा थंडावा थेट जाणवतो.

मात्र लिटरमागं इथेनॉलमध्ये ताकद कमी असते. पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. म्हणून सगळा खेळ शेवटी जास्त इंधन ओतता येतं का, यावर येऊन थांबतो. तीन वाटांची तुलना मी याच कसोटीवर करतो.

पहिली वाट: पंपावरचं ई-२० आणि त्यासाठी केलेला मॅप

ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, चिडलेली माणसं बरीच आहेत. जुन्या गाडीचं अॅव्हरेज पडलं तर चिडणारच. पण टर्बोवाल्यानं याकडं जरा वेगळं बघावं. आधीच्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ होता, ई-२० साठी तो ९५ आहे. युरोपात तयार झालेल्या या इंजिनांना ९५ च हवा असतो. म्हणजे वर्षानुवर्षं आपण यांना कमी प्रतीचं खाऊ घालत होतो, आणि आता कुठं पंपावर त्यांच्या लायकीचं मिळायला लागलंय. थंडावाही थोडा वाढला.

आरएससारख्या गाडीला चांगल्या ट्यूनरनं (ईसीयूची सेटिंग बदलणाऱ्यानं) ई-२० वर, घाटात घेतलेले लॉग (इंजिनच्या नोंदी) बघून मॅप, म्हणजे इंधन, टायमिंग आणि बूस्टचा नवा हिशोब, केला, तर मूळ टर्बोवरच २७०-२८० च्या आसपास जाणं अवघड नाही. गाडीतला इंधनाचा पंप तोच, इंजेक्टर तेच. फक्त स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्यायचे आणि त्यांच्या टोकाचा गॅप कमी ठेवायचा. अॅव्हरेज आत्ता आहे तेवढंच राहतं. गाडी गोव्यात नेली, बेळगावात नेली, कुठल्याही पंपावर भरली तरी चालते. ही वाट कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते दहातल्या सात जणांनी इथंच थांबावं.

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल हा याच वाटेचा एक फाटा. डिसेंबर २०२० मध्ये ते पहिल्या दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं. पण आपल्या वाटेवर मिळत नसेल, तर दर टाकीसाठी पुण्याला कोण जाणार?

दुसरी वाट: मिश्रण, सेन्सरसह

मी अडखळलो ते इथं, त्यामुळं जरा थांबून सांगतो.

कल्पना सोपी आहे. ई-२० मध्ये थोडं 'इथेनॉल १००' मिसळून टाकीत ई-३० ते ई-४० करायचं. ५० लिटरच्या टाकीला ई-४० साठी सुमारे १४ लिटर 'इथेनॉल १००' आणि बाकी ३६ लिटर ई-२०. ई-३० साठी सातच लिटर पुरतं. ई-४० ला ई-२० पेक्षा सात-आठ टक्केच जास्त इंधन लागतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या दोन लिटर इंजिनात मूळ हाय-प्रेशर पंप साधारण इथपर्यंत साथ देतो. नॉकमधला फायदा मात्र भरपूर पदरात पडतो, कारण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये वाफ थेट सिलिंडरच्या आत होते आणि थंडावा वाया जात नाही. पैशाला मोल म्हणाल तर सगळ्यात जास्त इथं आहे.

मी केलेली चूक अशी, की सेन्सर न बसवता ई-४० साठी पक्का मॅप घेतला. ट्यूनर म्हणाला, मिश्रण मोजून भरा, काही होत नाही. पंधरा दिवस मोजून भरलं. मग गोव्याहून येताना टाकी रिकामी, समोर दिसेल त्या पंपावर साधं ई-२० भरलं आणि घाट लागला. मॅप ई-४० च्या हिशोबानं टायमिंग पुढं ठेवून बसलेला, टाकीत मात्र तेवढा ऑक्टेनही नाही आणि थंडावाही नाही. नॉक सेन्सरनं टायमिंग मागं खेचत नेलं. इंजिन वाचलं, पण गाडी कंपनीच्या मॅपपेक्षाही मठ्ठ झाली. मागून आलेली एक डिझेल गाडी मला ओलांडून गेली. ते अजून खुपतं.

उलटी चूक याहून वाईट. मॅप पेट्रोलचा आणि टाकीत भरमसाठ इथेनॉल, म्हणजे इंधन कमी पडणार. ईसीयू आपल्या मर्यादेपर्यंत इंधन वाढवतो, मर्यादा संपली की इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानानं कमी इंधनावर, चालतं. वर बूस्ट असेल तर पिस्टनचं काय होतं ते उद्यमनगरातला कुठलाही मेस्त्री तुम्हाला फडताळातून काढून दाखवेल.

म्हणून फ्लेक्स सेन्सर. पेट्रोलच्या लाइनमध्ये बसणारी ही छोटी वस्तू इथेनॉलचं प्रमाण फ्रिक्वेन्सीच्या रूपात सांगते: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर टक्के. आकडा वाचून मॅप स्वतःच टायमिंग आणि बूस्ट हलवतो. तुम्ही काहीही भरा. अट एकच, तुमच्या ईसीयूसाठी हा सिग्नल वाचणारं सॉफ्टवेअर ट्यूनरकडं असायला हवं. नुसता सेन्सर बसवून डॅशबोर्डवर टक्केवारी दाखवणारेही भेटतात. ती शोभेची वस्तू.

सेन्सर येईपर्यंत साधी चाचणी आहे. मापाच्या काचनळीत १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल. हलवून ठेवलं की इथेनॉल पाण्यात उतरतं. ई-२० असेल तर खालचा थर २८ च्या आसपास येतो. हे घरात करू नका, मोकळ्यावर करा.

इथेनॉल वाढवलं की जुन्या टाकीतला आणि लाइनमधला चिकट थर सुटतो. माझा फिल्टर पहिल्या हजार किलोमीटरमध्येच भरला. तेव्हा एक जादा फिल्टर आधीच आणून ठेवा. ऑइलही लवकर बदला, पाच हजारांच्या पुढं नेऊ नका. शाहूपुरीतून राजारामपुरी आणि परत, एवढ्याच फेऱ्या असतील तर इंजिन नीट तापत नाही आणि इथेनॉल ऑइलमध्ये उतरत राहतं.

तिसरी वाट: थेट ई-८५

आकडे इथं खरोखर डोळे दिपवणारे आहेत. बूस्ट वाढवा, टायमिंग वाढवा, नॉक येतच नाही. पण ई-८५ ला ई-२० पेक्षा आकारमानानं सुमारे तीस टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे टाकीतला पंप मोठा, हाय-प्रेशर पंप मोठा, इंजेक्टर मोठे, आणि काही इंजिनांना इनटेकमध्ये इंजेक्टरचा दुसरा संच. एवढं झाल्यावर मूळ टर्बो लहान वाटायला लागतो, आणि मग खर्चाला तळ राहत नाही.

अॅव्हरेज ई-२० वर दहाचं असेल तर ई-८५ वर साडेसात. ई-४० वर सव्वानऊ-साडेनऊ. ५० लिटरची टाकी ई-८५ करायला ४४-४५ लिटर 'इथेनॉल १००' लागतं, म्हणजे जवळजवळ सगळी टाकी त्याच एका पंपावर भरायची. तो पंप तुमच्या रोजच्या वाटेवर नसेल तर हा विषय इथंच संपला.

थंडीचं भय आपल्याकडं फारसं नाही. शुद्ध इथेनॉल १२-१३ अंशांच्या खाली नीट पेट घेत नाही, म्हणून ब्राझीलमध्ये जुन्या गाड्यांना सुरू करण्यापुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पन्हाळ्यावर स्टार्टर जरा जास्त मारावा लागेल, इतकंच. खरी काळजी पावसाळ्याची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पण यातही एक गंमत आहे: इथेनॉल जास्त असलेलं मिश्रण पाणी पोटात धरून ठेवतं, आणि कमी इथेनॉलच्या मिश्रणात थोड्याच पाण्यानं थर वेगळे होतात. म्हणून पंचगंगेला पूर येऊन गेल्यावर आठवडाभर मी ई-२० सुद्धा चढावरच्या पंपावरच भरतो.

गिअरबॉक्स, ज्याचं कुणी विचारत नाही

माझ्या १.८ ला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. त्याची टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि कंपनीनं इंजिनही नेमकं तेवढ्यावरच आणून थांबवलंय. तिथं इथेनॉलनं टॉर्क वाढवणं म्हणजे क्लचचा पॅक पोत्यात भरून आणायची तयारी. पोलो जीटीआयची आपल्याकडची कथाही हीच: १९२ पीएस, २५० न्यूटन मीटर, तोच ड्राय डीएसजी. अशा गाडीत इथेनॉल वापरायचंच, तर खालचा टॉर्क होता तिथंच ठेवून वरच्या आरपीएमला टायमिंग घ्यावं. गाडी वर मोकळी पळते, गिअरबॉक्स जगतो.

आरएसचा सहा गिअरचा वेट क्लच (तेलात चालणारा) डीएसजी जास्त सोसतो. तरी कंपनीचा टॉर्क ३५० आहे. चारशेच्या पुढं जायचं तर गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही बदलावं लागतं, नाहीतर क्लच घसरतो आणि तुम्ही टर्बोला शिव्या देता.

तर निवड माझ्या मते अशी. रोजची गाडी, महिन्यातून एकदा गगनबावडा किंवा आंबोली: पहिली वाट. आरएससारखा दणकट गिअरबॉक्स, इथेनॉलचा पंप येण्याजाण्याच्या रस्त्यावर आणि सेन्सर वाचणारा ट्यूनर, हे तिन्ही जुळत असेल तर दुसरी. यातलं एक जरी नसलं तर पुन्हा पहिली. तिसरी फक्त त्याला, ज्याच्याकडं रोज फिरायला दुसरी गाडी आहे आणि ही गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची आहे.

ताराबाई पार्कातल्या पोरानं ई-२० चा मॅप घ्यायचं ठरवलंय. फ्लेक्स सेन्सर दिवाळीनंतर बघू म्हणाला. ते तो बघेल न बघेल, पण मामाला फोन लावून "कॅन नको" एवढं त्यानं माझ्यासमोरच सांगितलं.