साखळी कॅफेची कॉफी की घरची: कोणत्या कपाला पैसे मोजावेत?

कॉफीच्या साखळी दुकानांचा मेनू नीट वाचला की एक गंमत लक्षात येते. पेय जसजसं महाग होत जातं, तसतशी त्यातल्या कॉफीची मात्रा पातळ होत जाते. यादीत स्वस्तात बसते ती एस्प्रेसो, म्हणजे दाबाखाली गरम पाणी सोडून काढलेली थोडीशी दाट कॉफी, आणि करायला सगळ्यात महागडं यंत्र लागतं तेही तिलाच. सगळ्यात महाग असतो तो क्रीम, सिरप आणि बर्फ घातलेला उंच ग्लास, जो घरच्या मिक्सरवरही होतो. त्यामुळे 'कॅफेची कॉफी परवडते का' असं सरसकट विचारून काही हाती लागत नाही. कोणती कॉफी, ते आधी सांगा.

एस्प्रेसो आणि दुधाच्या कॉफ्या

इथे दुकानाची बाजू भक्कम आहे. डबल शॉटसाठी (शॉट म्हणजे एस्प्रेसोचं एक माप) साधारण 18 ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, 9 बारच्या (म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) आसपास दाब, 90 ते 96 अंश सेल्सियसचं पाणी, आणि 25 ते 30 सेकंदांत कपात उतरणारा जेमतेम 36 ग्रॅम अर्क. यातलं एक गणित चुकलं की कॉफी आंबट तरी लागते, नाहीतर कडूजहर. घरचा मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, 1 ते 2 बारच्या पुढे जात नाही. त्याची कॉफी कडक आणि झकास होते, दूध घालून तर मला ती फार आवडते, पण एस्प्रेसोची दाट साय तिच्यावर येत नाही.

दुधाचंही तसंच. वाफेची नळी आधी दुधाच्या पृष्ठभागालगत धरतात, कागद टरकावल्यासारखा आवाज येतो, दूध फुगायला लागतं. मग नळी जरा आत बुडवून दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं, म्हणजे मोठे बुडबुडे फुटून त्याला रेशमी चकाकी येते. 60 ते 65 अंशांवर थांबायचं. 70 च्या वर गेलं की गोडवा हरवतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. घरच्या बॅटरीवरच्या फेसणीनं फेस येतो, पण तो दुधात मिसळत नाही, वर तरंगत राहतो. कॅपुचिनोची खरी आवड असेल तर बाहेर पैसे मोजायला हरकत नाही.

फक्त एक बघून घ्या. कित्येक साखळ्यांत आता बटण दाबलं की दळण्यापासून शॉटपर्यंत सगळं यंत्रच करतं. त्यात वाईट काही नाही, उलट कुठल्याही शाखेत चव सारखी मिळते. पण मग बनवणाऱ्याच्या हाताचे पैसे आपण देतोय, हा समज सोडावा. ते हाताचं कसब मिळतं काउंटरमागे ग्राइंडरशी खटपट करणारा माणूस असतो अशा लहान कॅफेत, आणि बऱ्याचदा जवळपास तेवढ्याच दामात.

मोठा कप घेणं फायद्याचं, हाही एक भ्रमच. अमेरिकेतल्या स्टारबक्सचं उदाहरण घ्या: गरम लाते, म्हणजे भरपूर दूध घातलेली एस्प्रेसो, तिच्या 'ग्रांदे' मापाच्या कपात (सुमारे 473 मिली) दोन शॉट असतात आणि त्याहून मोठ्या व्हेंटीत (सुमारे 591 मिली) सुद्धा दोनच. वरचे पैसे दुधाचे. कॉफीची चव हवी असेल तर लहान कप मागवा. तरतरी हवी असेल तर कप तोच ठेवून एक शॉट वाढवून घ्या.

काळी कॉफी, कोल्ड ब्रू

इथे घर सहज जिंकतं. 15 ग्रॅम ताजी दळलेली कॉफी, 250 मिली गरम पाणी, फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्ट्या असलेल्या भांड्यात) चार मिनिटं. दुकानातली काळी कॉफी थर्मासमध्ये किती वेळ उभी होती, हे कपाकडे बघून कळत नाही. कोल्ड ब्रूला तर यंत्रही लागत नाही: जाड दळलेली कॉफी गार पाण्यात घालून 12 ते 18 तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि गाळायची. बाहेर त्याचा दर भलताच चढा असतो आणि निम्मा ग्लास बर्फानं भरलेला.

सिरपवाली आणि फ्रापे मंडळी

यांना मी कॉफीच्या खात्यात धरत नाही, ती मिठाई आहे. क्वचित हौस म्हणून जरूर घ्या. रोज घेणाऱ्यानं साखरेचा आकडा तेवढा पाहावा. मोठ्या साखळ्या तो पोषणमाहितीत देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात साधारण 50 ग्रॅम, आणि त्याच्या निम्म्यावर आली तर आणखी उत्तम. एका उंच ग्लासात यातला बराच मोठा वाटा उडून जाऊ शकतो.

खुर्चीचं भाडं

कपाच्या किमतीत बियांचा वाटा लहानच असतो. बाकी जागेचं भाडं, पगार, दूध, वीज. म्हणजे दोन तास एसीत बसून लॅपटॉपवर काम उरकणाऱ्याला किंवा कुणाशी निवांत बोलायचंय त्याला तीच कॉफी स्वस्त पडते. कप उचलून चालता होणारा मात्र न वापरलेल्या खुर्चीचेही पैसे देतो. आता पॉइंट्सच्या योजना. कार्डात आधी भरून ठेवलेली रक्कम म्हणजे आपण दुकानाला दिलेलं बिनव्याजी कर्ज, आणि 'आज दुप्पट पॉइंट' वाचून घेतलेली कॉफी बहुतेकदा नको असलेलीच असते.

मग घरी मशीन घ्यावं का?

दुकानातल्या कपाच्या किमतीतून घरच्या कपाचा खर्च वजा करा आणि मशीनच्या किमतीला त्या फरकानं भागा. येईल तितके कप झाले की पैसे वसूल. मात्र भागाकारात फक्त ते कप धरा, जे तुम्ही खरंच बाहेर प्यायचं बंद करणार आहात. मित्रांबरोबरची कॉफी मशीन आलं म्हणून थांबत नाही. बजेट बेताचं असेल तर आधी बऱ्यापैकी 'बर' ग्राइंडर (पात्यांऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया दळणारा) घ्या, त्यासोबत मोका पॉट किंवा फ्रेंच प्रेस. कॉफी दळल्यापासून थोड्याच वेळात तिचा वास उडायला लागतो, आणि महागडं मशीनही शिळ्या पावडरीतून तो परत काढू शकत नाही.