लाँग ब्रँच १९४३: काही महिने थ्री-नॉट-थ्री वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून मोकळा होतो. संग्रहात एकच जुनी लष्करी रायफल ठेवायची असेल आणि ती नुसती कपाटात न ठेवता रेंजवरही न्यायची असेल, तर ली-एनफिल्ड नंबर ४ घ्या, म्हणजे .३०३ कॅलिबरची ती 'थ्री-नॉट-थ्री'. अट एवढीच, की ती आहे तशी आवडली पाहिजे. जुनी वस्तू हातात आली की सँडपेपर शोधायला निघणाऱ्यांनी सरळ नवी रायफल घ्यावी. त्यांनाही बरं आणि जुन्या रायफलीलाही बरं.

माझी कॅनडातली आहे. टोरोंटोजवळ लाँग ब्रँच इथल्या स्मॉल आर्म्स लिमिटेड या सरकारी कारखान्यात १९४३ साली बनलेली, नंबर ४ मार्क १ स्टार. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने ही ओळखली जाते तो जेम्स पॅरिस ली जन्मला स्कॉटलंडमध्ये, पण लहानाचा मोठा झाला कॅनडात. बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) आणि मॅगझिन त्याचं. आधी त्यासोबत मेटफर्ड या अभियंत्याची, आतून उथळ खाचांची नळी होती (या खाचा गोळीला फिरकी देतात). कॉर्डाइट या धूररहित दारूची धग तिला सोसेना, म्हणून १८९५ साली एनफिल्ड इथल्या सरकारी कारखान्याची खोल खाचांची नळी आली आणि जोडनाव पक्कं झालं.

या रायफलीचा निम्मा आनंद ती वाचण्यात आहे, हे मला घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या, डाव्या अंगाला कारखान्याचं नाव आणि साल. शेजारी 'सी' अक्षराच्या पोटात बाण, म्हणजे माल कॅनडा सरकारचा. नळीवर मात्र बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकांची दाबचाचणी करणाऱ्या संस्थेचे, बारीक शिक्के आहेत: .३०३, मग २.२२२ इंच, मग १८.५ टन. म्हणजे कॅलिबर, पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळीची) लांबी आणि दर चौरस इंचाला दाब. लष्कराला हे शिक्के लागत नाहीत. ब्रिटनमध्ये बंदूक नागरी बाजारात विकायची तर त्याआधी ही चाचणी कायद्यानेच करावी लागते. तेव्हा कॅनडात बनली, ब्रिटनला पोचली आणि तिथूनच कधीतरी फौजेतून बाहेर पडली, एवढा प्रवास धातूवर कोरलेलाच आहे. नळीत डोकावलं तर पाचाऐवजी दोनच खाचा. तो दोष नाही. युद्धाच्या घाईत यंत्रावरचा वेळ वाचवायला काढलेला तोडगा आहे आणि साध्या लष्करी गोळीला तो पुरतो.

विकणाऱ्याने काय सांगितलं त्याला फार भाव देऊ नका. 'सगळे नंबर जुळतात', म्हणजे सगळ्या भागांवर एकच अनुक्रमांक आहे, असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं. बोल्टच्या दांड्यामागच्या सपाट जागेवर आकडे होते खरे, पण टॉर्च तिरका धरल्यावर त्यांच्याखाली कानशीच्या रेघा उठून दिसल्या. ठसाही वेगळा. बॉडीवरचा चारचा आकडा वरून उघडा आणि बोल्टवरचा मिटलेला. मी काही न बोलता टॉर्च विकणाऱ्याच्या हातात दिला. किंमत उतरली आणि रायफल माझी झाली. संग्राहकाच्या दृष्टीने ही उणीव आहेच, आणि उद्या विकायला काढली तर तसं सांगूनच विकावी लागेल. पण गोळी झाडणाऱ्याला त्याहून महत्त्वाचं आहे ते हेडस्पेस. .३०३ च्या पुंगळीला बुडाशी कड असते आणि बोल्टचा चेहरा व त्या कडेची जागा यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. नंबर ४ मध्ये बोल्टचं डोकं सुटं असतं आणि ० ते ३ अशा क्रमांकांचं, चढत्या लांबीचं मिळतं. झीज झाली की आर्मररने (फौजेतल्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने) पुढच्या क्रमांकाचं डोकं लावायचं, एवढी सोय. दुसऱ्याचा बोल्ट बसलेली रायफल हेडस्पेस मोजायचं गेज लावल्याशिवाय झाडू नये. माझी गेजमध्ये बसते, पण डोकं आहे ३ नंबरचं. म्हणजे पुढे सरकायला जागा उरलेली नाही.

नावातल्या 'स्टार'बद्दलही सांगायला हवं. मूळ मार्क १ मध्ये बोल्ट बाहेर काढायला स्प्रिंगची एक कळ होती. स्टारमध्ये ती काढून टाकली आणि बोल्टचं डोकं ज्या पट्टीवर धावतं तिलाच पुढच्या बाजूला एक कट दिला. काम वाचलं, पण कटाची कड नाजूक झाली. तिचा टवका उडाला की झटक्याने बोल्ट ओढताना डोकं पट्टी सोडून वर येतं. घेताना बोल्ट मागे घ्या आणि ती कड नखाने चाचपून पाहा. नळीवरचा थोडा गंज चालेल, हा टवका चालणार नाही.

रायफल आली ती ग्रीसमध्ये घोळून. बाहेरचं ग्रीस दिसतं म्हणून निघतं. त्रास देतं ते आतलं. बोल्टच्या आत स्ट्रायकर (काडतुसाला टोला देणारी सुई) सरकतो तिथे ते वाळून मेणासारखं होतं, मग स्ट्रायकर सुस्तावतो आणि काडतूस फुटत नाही. चेंबरमधलं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेतलं, त्याहून वाईट. पुंगळीने चेंबरच्या भिंतीला धरून ठेवावं अशी अपेक्षा असते, तेलकट भिंतीवर ती निसटते आणि सगळा जोर बोल्टवर येतो. ली-एनफिल्डचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्टला जागेवर रोखून धरणारे उंचवटे, मागच्या टोकाला आहेत, त्यामुळे हिला तर ते मुळीच मानवत नाही. मिनरल टर्पेंटाइन, जुना टूथब्रश, चिंध्या आणि भरपूर चिकाटी. दुसरं काही लागत नाही.

लाकडाच्या बाबतीत मी हट्टी आहे. दस्ता अक्रोडाचा, वरचे हँडगार्ड फिकट बर्चचे, म्हणजे कधीतरी दुरुस्तीत बदललेले. पाहणारे हमखास विचारतात, 'दोन्ही एका रंगाचे का नाही करत?' नाही करत. लाकूड धातूच्या किंचित वर उभं असतं. घासलं की ते धातूच्या खाली जातं, कडा गोल होतात, शिक्के पुसले जातात, आणि हे नुकसान परत भरून येत नाही. मी फक्त कच्चं जवसाचं तेल तळहाताने चोळलं, रात्रभर मुरू दिलं, उरलेलं पुसलं आणि काही दिवसांनी पुन्हा तेच केलं. हळूहळू करड्या लाकडातून तांबूस रेषा वर आल्या. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि तसला बोळा आपोआप पेटू शकतो. मी त्या पसरून वाळवतो किंवा पाण्यात भिजवून टाकतो.

आता चालवण्याबद्दल. दांडा उचलायला जोर लागत नाही, कारण स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, शेवटच्या इंचभरात. माउझर रायफलीची सवय असलेल्यांना हे आधी चुकीचं वाटतं. पण खांद्यावरून रायफल न हलवता बोल्ट मागे-पुढे करून पाहा, म्हणजे त्यातली मेख कळते. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिक हिच्याच थोरल्या बहिणीवर मिनिटभरात तीनशे यार्डांवर पंधरा गोळ्या लावण्याचा सराव करत, तो याच बोल्टच्या जिवावर. मी तसल्या फंदात पडलो नाही. सावकाश चालवतानाच खरी मजा येते.

मॅगझिन दहाचं. ते निघतं, पण फौजेत ते काढून भरायची पद्धत नव्हती. पाच-पाचच्या चार्जर क्लिपने वरून दाबून भरायचं. इथे कडवाली पुंगळी नखरे दाखवते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली की दोन्ही अडकून बसतात आणि बोल्ट पुढे सरकेनासा होतो. क्लिपमध्ये काडतुसं आळीपाळीने वर-खाली बसवली आणि अंगठा बुडाशी ठेवून एका दमात दाबली की हा प्रकार होत नाही. सुटी काडतुसं भरताना प्रत्येकाची कड आधीच्याच्या पुढे ठेवावी लागते. बोटांना हे लवकर कळतं.

चाप दोन टप्प्यांचा, पहिला लांब आणि मऊ, दुसरा नेमका. एक खोड आहे. या मॉडेलमध्ये चाप ट्रिगर गार्डवर लटकलेला असतो, बॉडीवर नाही, आणि मधे लाकूड. हवा दमट झाली, लाकूड फुगलं, की दुसरा टप्पा जरा वेगळ्या जागी भेटतो. पुढे मार्क २ मध्ये चाप बॉडीवरच टांगला तो यासाठीच.

रेंजवर ती कशी आहे? प्रवी पार्टिझान कंपनीची १७४ ग्रेनची गोळी वापरतो, कारण लष्करी मार्क ७ गोळीचंही वजन तेवढंच होतं आणि साइट त्या हिशोबाने बनलेल्या आहेत. शंभर मीटरवर, पालथं पडून, टेकू घेऊन, पाच गोळ्या साधारण चार इंचांत बसतात. नळी तापली की घोळका वर सरकतो. कोणी याला नावं ठेवेल, पण दोन खाचांच्या युद्धकालीन नळीकडून याहून जास्त मागणं मला शोभत नाही. साइट मात्र डोक्याला ताप. माझ्या रायफलीवर दोन छिद्रांची पलटणारी साइट आहे, एक तीनशे यार्डांचं, दुसरं सहाशेचं. शंभरवर तीनशेच्या छिद्रातून गोळी पाच-सात इंच वर जाते. उपाय म्हणजे जास्त उंचीची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा काटा) लावणं, किंवा खाली नेम धरणं. मी खाली धरतो. धक्का दणकट आहे, पण चार किलोंच्या वर वजन असल्याने तो खांद्यावर पसरतो. पातळ शर्टावर मात्र बटप्लेट आपली ओळख ठेवून जाते.

जुनी लष्करी काडतुसं मिळाली तर सांभाळून. त्यांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या कॅपमधल्या पोटॅशियम क्लोरेटपासून मागे क्षार राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि एका रात्रीत नळी तांबडी करतो. तेल क्षाराला विरघळवत नाही, पाणीच लागतं. त्या काळी सैनिक चेंबरमध्ये नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचे आणि आजही त्याहून चांगली युक्ती नाही. पाणी, मग कोरडी चिंधी, मग तेल. दस्त्याच्या बुडातल्या कप्प्यात तेलाची पितळी बाटली आणि नळी साफ करायची पुल-थ्रूची दोरी दोन्ही मिळाल्या, याचा आनंद लहान मुलासारखा झाला. दोरी मात्र वापरत नाही. ती तिरकी ओढली की वर्षानुवर्षं नळीचं तोंड खाते. बोल्ट काढून मागून सळई घालणं केव्हाही बरं.

तक्रारी? सुटे भाग मिळतात पण चांगली मॅगझिनं दुर्मीळ झालीत, आणि नवी बनवलेली बऱ्याचदा ओठांपाशी वाकवून जुळवावी लागतात. युद्धकालीन चेंबर सढळ कापलेले, त्यामुळे पुंगळ्या फुगतात. काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांनी पुंगळीची फक्त मान साइझ करावी (दाबून मापात आणावी), नाहीतर चार-दोन वेळांत पुंगळी बुडाजवळ तुटते. स्वस्तात दिसणाऱ्या, पुढचं लाकूड कापून शिकारी बनवलेल्या नंबर ४ कडे मी वळत नाही. लाकूड शोधून परत चढवता येतं, पण त्या जोडीला माशी कापलेली आणि स्कोपसाठी भोकं पाडलेली असतात. परवाना, नोंद, कुलूपबंद कपाट यांत कायदा सांगेल ते काटेकोर करा, त्यात संग्राहक म्हणून कोणी सवलत देत नाही.

टिकाऊपणाबद्दल ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी एवढंच: कॅनेडियन रेंजर्सनी (कॅनडाच्या राखीव सैन्याच्या तुकड्यांनी) उत्तरेच्या बर्फात हीच नंबर ४ स्थापनेच्या, म्हणजे १९४७ च्या सुमारापासून वापरली, आणि तिच्या जागी सी-१९ ही नवी रायफल यायला एकविसावं शतक उजाडलं.

माझा पुढचा खर्च ठरलेला आहे. १ किंवा २ क्रमांकाच्या डोक्यासह बसेल असा, कमी झिजलेला लाँग ब्रँचचा बोल्ट शोधतोय, पुन्हा ठोकलेल्या नंबरांशिवायचा. मिळेपर्यंत आहे तोच चालू आहे, आणि चालतोय उत्तम.