२२० चा डुप्लेक्सर आणि नसलेला भाऊ

साडेचारशे डॉलर गेले. त्यातले माझे नव्वदच होते, बाकीचे आमच्या रिपीटरवरच्या, म्हणजे ऐकलेला रेडिओ संदेश लांबवर पुन्हा पाठवणाऱ्या सामायिक केंद्रावरच्या, चौघांनी वर्गणी म्हणून दिलेले. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले.

मी कॅलिफोर्नियात राहतो. पुण्यात हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला तेव्हा २२० चा बँड नुसता ऐकून माहीत होता, कारण भारतात तो हौशी रेडिओला मिळालेलाच नाही. युरोपात नाही, जपानमध्येही नाही. तो अमेरिका खंडापुरता. इथेसुद्धा पूर्वी २२० ते २२५ मेगाहर्ट्झ होता. त्यातले खालचे दोन मेगाहर्ट्झ व्यावसायिक वापराला द्यायचा निर्णय एफसीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, १९८८ मध्ये घेतला, आणि उरला २२२ ते २२५. जपानी कंपन्यांना स्वतःच्या देशात न खपणारा सेट फक्त इकडच्यासाठी बनवावा लागतो, म्हणून सेट मोजकेच. अलिंकोचा डीआर-२३५ हा सेट हातचा जाऊ दिला की पुन्हा मिळेपर्यंत हळहळायचं. कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोनात काँडरसारखं जोडलेल्या रिपीटरांचं मोठं जाळं या बँडवर आहे, तरी जुन्या सामानाच्या बाजारात २२० ची वस्तू दिसली की माणूस आधी हात घालतो आणि मग विचार करतो. अडला हरी म्हणतात तो हाच.

आमचा रिपीटर पावसाळ्यानंतर बहिरा झाला. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी, त्याच अँटेनावरून, दुसरीवर बोलतो. आमचा २२४ च्या वर बोलतो आणि त्याच्या १.६ मेगाहर्ट्झ खाली ऐकतो. मांडवात ताशा कडाडत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू यावी, तसलं हे काम. ते करतो डुप्लेक्सर, म्हणजे ट्यून केलेल्या धातूच्या नळकांड्या, ज्यांना कॅव्हिटी म्हणतात. आपल्याच ट्रान्समीटरचा आवाज रिसीव्हरपर्यंत जाताना ऐंशी डेसिबलच्या आसपास, म्हणजे दहा कोटी पटींनी, दाबावा लागतो. आमच्या जुन्या डुप्लेक्सरमध्ये ओल शिरली होती. नॅनोव्हीएनए हे मोजणीचं छोटं यंत्र लावून पाहिलं तर आलेख बघवत नव्हता. नवा घ्यायचा तर हजार डॉलरच्या वर.

मी ‘हवा आहे’ अशी जाहिरात टाकली. चूक इथेच झाली असं आता वाटतं, कारण आपल्याला नेमकं काय हवंय हे मीच जगाला सांगून बसलो. दुसऱ्या दिवशी ईमेल आला: वडील सायलेंट की झाले (हॅम लोकांच्या भाषेत, वारले), गॅरेजमध्ये सहा कॅव्हिटीचा २२० चा डुप्लेक्सर पडून आहे, वापरणाऱ्याच्या हाती जावा एवढीच इच्छा. खाली वडिलांचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारी ओळखीची अक्षरं. एफसीसीच्या यादीत पाहिला. नाव जुळलं, ओहायोतलं गाव जुळलं, परवानाही चालू होता. पण परवाना दहा वर्षांचा असतो. माणूस गेला तरी कोणी कळवलं नाही, तर मुदत संपेपर्यंत तो चालूच दिसतो. यादी सगळ्यांना खुली आहे, म्हणजे चोरालाही.

मी विचारलं, ट्यूनिंग किती अंतरावर आहे, म्हणजे ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीत फरक किती? उत्तर आलं, ‘नेहमीचंच, ६०० किलोहर्ट्झ.’

सहाशे हे ‘दोन मीटर’ नावाच्या दुसऱ्या बँडवरचं अंतर. २२० वर १.६ मेगाहर्ट्झ. इथे कान टवकारायला हवे होते. पण मी काय केलं? बिचारा मुलगा, त्याला कुठून कळणार, असं म्हणून मीच त्याला लांबलचक ईमेल लिहून शिकवणी दिली: अंतर किती, कॅव्हिटी कशा जोडतात, हाय आणि लो बाजू कशी ओळखायची. पुढच्या उत्तरात तो अगदी बरोबर बोलायला लागला आणि मी खूश!

फोटो मागितला तर आला. चांगला, स्वच्छ फोटो. रॅकला बसवलेल्या सहा नळकांड्या. पैसे गेल्यावर तो पुन्हा पाहिला तेव्हा कपाळावर हात मारला. रॅकची पट्टी १९ इंच रुंद असते. फोटोतल्या नळकांड्या त्याहून थोड्या उंच होत्या. २२० च्या पाव वेव्हलेंग्थला तेरा-साडेतेरा इंच पुरतात, वीस इंच लागतात दोन मीटर बँडला. मोजपट्टी फोटोतच होती, मी लावली नाही. कागदावर माझा कॉलसाइन आणि तारीख लिहून, तो कागद डुप्लेक्सरला टेकवून फोटो पाठव, एवढं म्हणायलाही जीभ रेटली नाही. वडील गेलेल्या माणसावर संशय कसा घ्यायचा? फोनचं विचारलं तर म्हणाला, आई आजारी आहे, घरात बोलता येत नाही.

पैसे ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवा म्हणाला, म्हणजे कमिशन वाचेल. पंधरा-सोळा डॉलर वाचवले मी. त्या पर्यायात खरेदीला संरक्षण नसतं हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

ट्रॅकिंग नंबर आला, खराही होता. आठवड्याने ‘पोहोचलं’ असं दिसलं, आणि दारात काही नाही. पोस्टातल्या बाईंनी पाहून सांगितलं, पाकीट आमच्याच झिपकोडमध्ये पण भलत्याच पत्त्यावर दिलंय, वजन औंसांमध्ये. सहा कॅव्हिटी औंसांमध्ये! कोणाला तरी रिकामं पाकीट धाडायचं, म्हणजे कागदोपत्री माल पोहोचतो.

बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे तक्रार नोंदवली, पोच आली. मग एक साधं कागदी पत्र ओहायोच्या त्या पत्त्यावर टाकलं. दहा दिवसांनी एका बाईंचा फोन आला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, हे खरं. सामान तेव्हाच क्लबला दिलं. ‘आणि आम्ही दोघी बहिणीच आहोत,’ त्या म्हणाल्या, ‘आम्हाला भाऊ नाही.’ वडिलांच्या नावाने कोणी पैसे उकळतंय हे मी त्यांना सांगत होतो, आणि माफी त्याच मागत होत्या. हे पत्र पैसे पाठवायच्या आधी टाकलं असतं तर एका तिकिटात भागलं असतं.

चौघांना सांगितलं तेव्हा कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. जुना डुप्लेक्सर उघडून, वाळवून, कनेक्टर बदलून तात्पुरता चालवतोय. ऐकू येतं, पाऊस नसेल तर.

गेल्या महिन्यात नेवाडातल्या एका हॅमने, सौदा पक्का करण्याआधी, २२० वरचा ओळखीचा म्हणून मला मत विचारलं. विकणाऱ्याचा ईमेल त्याने पुढे पाठवला होता. कॉलसाइन वेगळा, गाव वेगळं, वडील मात्र याचेही वारलेले. आणि डुप्लेक्सरचं वर्णन अगदी जाणकाराचं: १.६ मेगाहर्ट्झ अंतर, हाय आणि लो बाजू, कॅव्हिटींची जोडणी. वाचता वाचता ओळखीचं वाटायला लागलं. माझीच शिकवणी होती ती, शब्द न् शब्द. घाईत कॅव्हिटीच्या स्पेलिंगमध्ये मी एक टी जास्त टाकला होता, तोसुद्धा जागच्या जागी होता.